गाण्याआधीचा सत्कार

लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोरच्या घराला लागून एक सर्बियन आजी राहतात. मुलीकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. एके काळी त्यांच्या देशात त्यांची लोकगीतं घरोघरी वाजायची. चौदाव्या वर्षी लग्नांत गायला लागल्या, ज्याच्या अकॉर्डियनवर गायल्या त्याच्याशीच लग्न केलं. मग रेडिओ, कॅसेटी, जर्मनीत कामाला गेलेल्या त्यांच्या लोकांसमोर दौरे. नवरा गेला आणि त्यांनी स्टेज सोडलं. स्वयंपाक करताना मात्र गायच्या. मला भिंतीतून रोज ऐकू यायचं, आणि फार आवडायचं.

म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत गायचं आमंत्रण मीच दिलं. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे ना! जळलं मेलं ते मिरवणं. आजी आधी नको म्हणाल्या, मग दोन दिवसांनी स्वतः येऊन हो म्हणाल्या. पुढचे तीन आठवडे भिंतीपलीकडे एकच गाणं. थांबायचं, खोकायचं, परत पहिल्यापासून. बारा वर्षांनी आजी लोकांसमोर उभ्या राहणार होत्या.

वेम्बलीच्या हॉलमध्ये त्या दोन वाजताच येऊन बसल्या. भरतकामाचं जाकीट, ओठांना लाली. आमचं नेहमीप्रमाणे सगळं लेट. त्यात मुलांच्या डान्सचं म्युझिक मध्येच अडकलं, तर मी तो अख्खा डान्स परत करायला लावला. का, तर पुढच्या रांगेत माझी लेक होती. दुसरं कारण नव्हतं, उगाच शोधत नाही.

मग आमचा सेक्रेटरी कानाशी आला. पाचला हॉल सोडायचाय, जेवण थंड होतंय, सत्कार करून मोकळी हो, म्हणाला. आणि मी झाले. एखाद्याला आवरतं घ्यायला लावायचं तर शाल-श्रीफळासारखं काही नाही, हे मंडळात मुरलेल्या कुणालाही कळतं. मी आजींना स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, जोरदार टाळ्या मागितल्या. टाळ्या झाल्या आणि माणसं जेवणाकडे वळली.

आजी माइकसमोरच उभ्या. त्यांना वाटलं, शाल घालतात ती गाण्यासाठीच. नारळाचं काय करावं कळेना म्हणून तो त्यांनी पायाशी ठेवला, घसा साफ केला आणि मला विचारलं, "आता सुरू करू?"

मी म्हटलं, "सॉरी, माइक बिघडलाय."

"मला माइक लागत नाही," त्या म्हणाल्या. "लग्नात कुठे असायचा माइक?"

मी खाली वाकले. नारळ उचलून परत त्यांच्या हातात दिला आणि कोपराला धरून त्यांना खाली उतरवलं. अगदी मायेनं, हो! बघणाऱ्याला वाटलं असेल, किती जपते बाई. तेवढ्यात सेक्रेटरीनं त्याच माइकवरून कुणाला तरी पार्किंगमधली गाडी हलवायला सांगितलं. आवाज हॉलभर खणखणीत गेला. आजींनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी तर मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन गेले. माफी मागायची होती, पण चकलीच्या भाजणीबद्दल बोलून परत आले. शाल त्यांच्या सोफ्यावर नीट घडी करून ठेवलेली होती.

आता आठ महिने झाले. संध्याकाळी त्यांच्या भांड्यांचा आवाज येतो, तेव्हा मी टीव्ही बंद करून ऐकत बसते. त्या मुकाट्याने स्वयंपाक करतात.