राहेलच्या बांगड्या

नगरकडच्या आणि आमच्या निजामाच्या मोगलाईतल्या बहिणींनो, कडा गावाहून आत्ताच परतले आहे. आजचं आजच सांगते.

तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या राहेलचा नवरा काल तापाने गेला. आज सकाळी त्याला पुरायला नेलं. बायका घरीच थांबल्या होत्या. पुरुष माघारी यायच्या आत तिची सासू सगुणाबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन आली. राहेलने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.

मी सगुणाबाईचा हात धरला. म्हटलं, "आपण आता ख्रिस्ती आहोत. आपल्यात बांगड्या फोडत नाहीत."

"मंग काय करत्यात, बाई? तेवढं तर सांगा," सगुणाबाई म्हणाली.

मी एक गीत सुरू केलं. बायकांनी साथ दिली. राहेलही म्हणत होती. तिला सगळी कडवी पाठ आहेत.

गीत संपल्यावर तिने विचारलं, "झालं का, बाई?"

"झालं."

"बांगड्या फुटल्या की बाईला रडू फुटतं म्हंत्यात. मला अजून आलंच न्हाई. आता मी कवा रडायचं?"

सगुणाबाई दगड बाहेर ठेवून आली आणि सुनेशेजारी बसली.

बांगड्या फोडू नयेत, हे मला अजूनही बरोबरच वाटतं. पण ते बंद करताना त्या जागी आपण काय दिलं? तुमच्या मंडळीत अशा वेळी काय करता? मला उद्या पुन्हा राहेलकडे जायचं आहे.