दुधीला दाखवलेलं बोट

सासूबाई आमच्याकडे बिबवेवाडीत राहायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन लुगडी, एक तांब्या आणि चिंधीत बांधलेल्या दुधीच्या पाच बिया होत्या. गाव शहरात गेलं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या. बांधावरच्या वेलाचं एवढंच काय ते उरलं होतं. विकतच्या बियाण्याला त्या बियाणं मानतच नसत.

मी शनिवार पेठेत वाढलेली. आमच्या गॅलरीत एक तुळस आणि बाकी वाळत घातलेले कपडे. आता चौथ्या मजल्यावर अर्धं कापलेलं निळं पिंप आलं, शेणखताचं पोतं आलं आणि माझी कपड्यांची दोरी वेलासाठी गेली. मी कुरकुरले, तो माझा स्वभावच आहे. पाचातल्या तीन बिया रुजल्याच नाहीत, एक रोप उन्हाने करपलं. राहिलं एक.

ते मात्र गॅलरीच्या जाळीवर असं पसरलं की शेजारीण विचारायची, आत माणसं राहतात ना? पहिली दुधी दिसली, करंगळीएवढी, लवदार. मी कौतुकाने नवऱ्याला बोट करून दाखवली. सासूबाईंनी माझा हात धरून खाली केला. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, कुजतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवावं, असं त्यांनी सांगितलं. मी हसले. चार दिवसांत दुधी पिवळी पडून गळाली.

पाठोपाठ आणखी तीन गळाल्या. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. फक्त मी गॅलरीत गेले की मागोमाग यायच्या. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. वेलाची खालची पानं सुकायला लागली होती. एकही दुधी वेलावर जून झाली नाही, तर ते बी कायमचं गेलं असतं, आणि गेलं ते माझ्या बोटामुळे, हे आयुष्यभर घरात राहिलं असतं.

मार्केट यार्डाजवळच्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"अहो बाई, चौथ्या मजल्यावर किडे काय लिफ्टने येणार आहेत?"

मग नीट समजावलं. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. लांब देठाचं नर फूल तोडायचं, आणि ज्याच्याखाली इवलीशी दुधी असते त्या मादी फुलावर हलकेच टेकवायचं. किड्याचं काम आपण करायचं, नाहीतर दुधी धरत नाही, गळते.

सासूबाई संध्याकाळी खालच्या देवळात भजनाला जात. त्या गेल्या की मी हात धुऊन गॅलरीत उभी राहायची. पांढरी फुलं उमलताना मी कधी पाहिली नव्हती. रोज त्यांची वाट पाहणं मला आवडायला लागलं. आठवड्याभराने एक दुधी गळाली नाही. ती वाढली, दोरीवर जड झाली. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून तिला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. श्रेय मुडपलेल्या बोटाला गेलं. माझ्या जिभेच्या टोकावर खूप काही आलं होतं, पण मी गप्प बसले. इतकी गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

दुधी वेलावरच वाळवली. पाठीवर टकटक केलं की लाकडासारखी वाजायला लागली, तेव्हा सासूबाईंनी ती फोडली आणि बिया ताटात काढल्या. निम्म्या आपल्या चिंधीत बांधल्या. निम्म्या माझ्यापुढे सरकवल्या.

"केरात रोज एक तोडलेलं फूल असायचं," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय फुलाला फूल कुणी लावलं ते."

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. त्यांनी माझा हात धरला, तसाच, पहिली दुधी दिसली त्या दिवशी धरला होता तसा.

"तुझ्या बोटानं कुजत न्हाई, पोरी. तुझ्या बोटानं धरतं."

मला रडू आलं. नवरा तेवढ्यात आत आला आणि त्याने बी आलं का म्हणून विचारलं. सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता. तो उचलून त्यांनी ताटाकडे केला. मी बोट सरळ करून त्याला बिया दाखवल्या.