बॉयलरवाल्या

"तू बॉयलर बघ. तुमच्याकडे चुलीची सवय असते."

सर हे हसत म्हणाले. पहिल्याच प्रॅक्टिकलला, हजेरी घेताना, माझ्या आडनावापाशी थोडं थांबून. दोन-तीन जण हसले. मीही ओठ हलवले, हसल्यासारखे. आणि बॉयलरजवळ जाऊन उभी राहिले.

यवतमाळचं कॉलेज. बीएस्सीचं दुसरं वर्ष. प्रयोग साधा. पितळेचा दांडा एका नळीत बसवायचा, नळीतून वाफ सोडायची, दांडा तापून किती लांबला ते टोकाशी लावलेल्या स्क्रूनं मोजायचं. स्क्रू दांड्याला टेकला की बारीक दिवा लागतो. लांबतो किती? नखाच्या जाडीएवढा. तेवढं मोजायला नजर लागते, हाताला सवय लागते. ती सवय ज्यांचे वडील वकील नाहीतर डॉक्टर, त्यांच्या हातांना मिळायची. पाणी भरणं, रबरी नळी खोचणं, वाफेची वाट बघणं आमच्याकडे.

आम्ही म्हणजे मी आणि पायल. ती दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची, मराठी शाळेतली. मी दारव्ह्याच्या इंग्रजी शाळेतली, कारण माझी आई तिथं आया आहे. उष्णतेचा कुठलाही प्रयोग असो, बॉयलर आमचा. वर्गात आमचं नावच पडलं, बॉयलरवाल्या.

खरं सांगायचं तर मला ते कोपऱ्यात उभं राहणं बरं वाटायला लागलं होतं. तिथं कोणी काही विचारत नसे. पायलला नाही वाटायचं.

"काहून वं, आपल्याले डोये नाहीत काय?" ती म्हणायची. "एक डाव तरी पाहू दे म्हनावं त्याह्यले."

"जाऊ दे ना," मी म्हणायचे. दर वेळी.

परीक्षेत माझ्या वाट्याला पितळेचा दांडाच आला. थंड असतानाचं रीडिंग घेतलं. वाफ सोडली. ते काम मला झोपेतही येतं. मग स्क्रू फिरवायला गेले तर तो फिरेना. दिवा लागलेलाच. पहिल्या रीडिंगनंतर स्क्रू मागं घ्यायचा असतो, दांड्याला लांबायला जागा ठेवायची असते. पुस्तकात वाचलं होतं. हाताला माहीत नव्हतं.

सर आले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम शेजारीच होत्या.

"इंग्लिश मीडियम ना तू? एवढंही येत नाही? वर्षभर काय केलं?"

माझे कान तापले. आणि मी बोलले. मॅडमकडे बघून, इंग्रजीत, शाळेत शिकवलेल्या सरळ वाक्यांत. स्क्रू का अडकला ते सांगितलं. सूत्र सांगितलं. आणि शेवटी हेही, की वर्षभर मला बॉयलरवर ठेवलं, या स्क्रूला आज पहिल्यांदा हात लागला.

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर लाल झाले. मॅडमनी मला पुन्हा रीडिंग घेऊ दिलं, समोर उभं राहून. मला वाटलं, जिंकले.

माझ्यानंतर पायलची तोंडी परीक्षा होती. मॅडम चहाला गेल्या होत्या. सरांनी इंग्रजीत विचारलं, धातू तापवल्यावर काय होतं.

"सर, तापवलं का लांबते."

"पूर्ण वाक्य. इंग्रजीत."

सरांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मी दारात दप्तर आवरत होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा ओढत राहिले. माझं बोलून झालं होतं ना.

निकालात मी पास. चांगल्या मार्कांनी. ती प्रॅक्टिकलमध्ये नापास.

बसस्टँडवर तिला गाठलं. ती दारव्ह्याची गाडी बघत उभी होती.

"तू बोलली, मार मले बसला," ती म्हणाली. रागानं नाही. "तुले इंग्रजी येते, बाई. तुयं आयकून घेतलं त्या मॅडमनं. मायं कोन आयकते? याडीले काय सांगू मी आता?"

आईला ती याडी म्हणते.

"आपण दोघी तक्रार करू," मी म्हटलं.

"तूच कर. मले नको वढू त्यात." गाडी लागली आणि ती चढून गेली.

तेव्हापासून मला माझं ते इंग्रजी आठवलं की लाज वाटते. सर तेव्हा वरमले ते माझ्या म्हणण्यामुळे नाही, माझ्या उच्चारांमुळे. माझ्या आईनं त्या शाळेची बाकं पुसली म्हणून ते इंग्रजी मला मिळालं. पायलच्या आईला तेवढीही संधी नव्हती. आणि मी ते एकटीसाठी वापरलं.

मी प्राचार्यांची भेट मागितल्याचं कळल्यावर सरांनी काल बोलावून घेतलं होतं. "तुझं काय बिघडलं? तू तर पास आहेस. कशाला वाढवतेस?" आवाज अगदी मऊ.

उद्या प्राचार्यांकडे जाणार आहे. पायलचं नाव घेणार नाही, तिनं नको म्हटलंय. माझंच घेईन. माझे मार्क रद्द करा, म्हणेन. ज्यांना ज्यांना वर्षभर उपकरणाला हात लावू दिला नाही, त्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्या, ज्याला ज्या भाषेत उत्तर देता येतं त्या भाषेत. आणि हे सगळं मी मराठीत बोलणार. ते इंग्रजीत विचारतील, तरी मराठीतच. शाळा इंग्रजीत झाली, असलं बोलायचं मराठी मला सवयीचं नाही; अडखळेन. अडखळत बोलेन. आणि त्यांनी ऐकून घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.