जावयाच्या ताटातली भाकर

माझ्या नवऱ्याला खेडं फार आवडायचं. म्हणजे पुण्यात बसून आवडायचं. ज्याला रोज पहाटे दळायला उठावं लागत नाही त्याला जात्याची घरघर गोड लागते, तशी ती त्याला लागायची. तो कॉलेजात शिकवत होता, खादी घालत होता आणि लग्नाआधीच मला म्हणाला होता, "तुझ्या माहेरी गेलो की मी पाहुण्यासारखा नाही राहणार. तुम्ही खाता तेच खाणार." तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं. वय लहान असलं की माणूस कशालाही प्रेम समजतो.

आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं, घरी न विचारता. विचारून होणारच नव्हतं, कारण जात वेगळी होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि आपण सगळे एक, अशी भाषणं बुलढाण्यात दर महिन्याला व्हायची. धाडच्या पलीकडे तीन मैलांवर आमचं गाव. तिथपर्यंत काही ती पोचली नव्हती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात माय आणि धाकटी बहीण. वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव मोठेबाबा म्हणायचं, त्यांनी माझ्या लग्नानंतर आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. ते नाहीत म्हटल्यावर बाकीचे भाऊबंदही नाहीत. त्या माणसांना स्वतःचं डोकं वापरायची सवयच नव्हती.

त्यात बहिणीला बुलढाण्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, पण त्याच्या घरून निरोप आला की थोरल्या जावयाच्या पंगतीला तुमचे भाऊबंद जेवले, तर आम्ही पुढची बोलणी करू. माय तीनदा मोठेबाबांच्या ओसरीवर जाऊन बसली. दोनदा त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "बरं. येतो जेवाले." एवढ्यावर मायनं कुणाकडून तरी मला पत्र लिहवलं, जावयाला घेऊन ये.

धाडला एस.टी.तून उतरल्याबरोबर नवऱ्यानं चपला काढून हातात घेतल्या. त्याला मातीचा स्पर्श हवा होता. शंभर पावलांवर सराट्याचे काटे टाचेत गेले आणि रस्त्याकडेला बसून मी ते एक-एक उपसून काढले. बाजाराहून परतणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकजण म्हणाली, "काऊन व माय, जावयाले चपला नाही घेऊन देल्या काय?" नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही.

घरी आल्यावर तो थेट स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. जावयासमोर सासूनं पदर खाली येऊ द्यायचा नसतो आणि एका हातानं पदर धरून चूल फुंकता येत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. वही काढून तो विचारत होता. अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालता? मीठ किती? माय भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "सांग त्याइले, अंदाजानं." त्यानं वहीत लिहिलं, अंदाजानं, आणि खाली रेघ ओढली. मग जात्यावर बसून पाच-सहा फेरे ओढले, तळहात लाल झाले ते कौतुकानं मला दाखवले. भज्यांसाठीची उरलेली पायलीभर डाळ बहिणीनं दळली. तिच्या हाताकडे त्यानं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

त्या दिवशी आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगते. गहू आमच्या रानात होत नव्हता. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. मायनं बाजारातून गहू आणला होता, निवडून, धुऊन, वाळवून दळला होता आणि पीठ लुगड्याच्या फडक्यातून चाळलं होतं. एका म्हशीचं तूप महिनाभर कुणाच्या बोटाला लागू दिलं नव्हतं. पुरणाची डाळ ती स्वतः पाट्यावर वाटत होती, बहिणीलाही हात लावू देत नव्हती. आणि माझा नवरा मला अंगणात बाजूला घेऊन म्हणत होता, "एवढा खटाटोप कशाला? मला भाकरी आणि ठेचा हवा. तुम्ही जगता तसं मला जगून बघायचंय."

"जावई पहिल्यांदा आला आहे," मी म्हटलं. "त्याच्या ताटात ज्वारीची भाकर पडली, तर गाव मायच्या तोंडावर थुंकेल."

"हेच तर बदलायला हवं."

एकट्यात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. मी त्याला सांगितलं, तुला जे बदलायचंय ते बहिणीचं लग्न झाल्यावर बदल, उद्या मुकाट्यानं खा. त्यानं मान हलवली. पण एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीतलं कुणी अन्नाला हात लावत नाही, आणि जावई घास घेत नसेल तर तो रुसला आहे, त्याला काहीतरी हवं आहे, असा आमच्याकडे सरळ अर्थ असतो. मग सासरची माणसं विचारतात, अंगठी हवी की घड्याळ हवं, आणि ते दिलं की जावई जेवतो. ज्या गोष्टी जन्मापासून माहीत असतात त्या कुणाला सांगाव्या लागतात हेच मुळी सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. दहा जणांना बोलावलं होतं, अठरा आले. इतके दिवस आमच्या घराचं पाणी ज्यांना चालत नव्हतं ते सगळे दुसऱ्या जातीचा जावई कसा दिसतो ते बघायला स्वच्छ धोतरं नेसून आले होते. मोठेबाबा भिंतीशी, त्यांच्यासमोर नवरा. मी आणि बहीण वाढत होतो. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडया. ताटं भरली. मोठेबाबा नवऱ्याकडे बघत बसले. सगळेच बघत बसले.

नवरा हसला, हात जोडले आणि म्हणाला, "एक विनंती आहे. मला भाकरी मिळेल का?"

मग एक म्हातारे भाऊबंद खाकरून म्हणाले, "जावईबापू रुसले वाट्टे."

पंगत एकदम खुलली. रुसणारा जावई त्यांना कळत होता. लग्नाला कुणी आलं नव्हतं, मानपान झाला नव्हता, तेव्हा पोराचं बरोबरच होतं. "भाकर म्हनतेत," दुसरा शेजाऱ्याला म्हणाला, "शिकेल मानूस उघड मागत नाही." कुणी म्हणालं घड्याळ मनात असन, कुणी म्हणालं सायकल. माझा नवरा सगळ्यांकडे बघून हसतच होता. त्याला वाटत होतं, आपल्या साधेपणाचं कौतुक चाललंय.

मी दारात तुपाचं भांडं घेऊन उभी होते. मी बोलू शकले असते. पण जावई रुसला तर त्यात घराची शोभाच होती, आणि जावयाला खरोखरच भाकर हवी असली तर शरम. म्हणून मी गप्प राहिले. आणि तेवढ्यात मोठेबाबांनी बोटातली अंगठी काढली. माझा विश्वास बसेना. ज्याच्या लग्नाला आले नाहीत त्याच्या ताटाशी अंगठी ठेवून ते म्हणाले, "घ्या जावईबापू. आता जेवा." अंगठी दिली म्हणजे जावई मानला. बहिणीच्या लग्नाचं सगळं त्या एका ताटाशी येऊन थांबलं होतं. त्यानं ती फक्त उचलायची होती.

माझ्या नवऱ्यानं अंगठी दोन बोटांनी परत सरकवली. "माफ करा. मी कुणाकडून काहीही घेत नाही. लग्नातही घेतलं नाही. मला खरंच फक्त भाकरी द्या." वर्गात बोलावं तसं स्वच्छ, ठणठणीत बोलला. इतकं प्रामाणिक आणि इतकं निर्बुद्ध बोलणं मी त्यानंतर आयुष्यात ऐकलं नाही.

"अंगठी कमी पडून राह्यली," कुणीतरी पुटपुटलं. मोठेबाबांचा चेहरा काळा पडला. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. ते उठले असते तर अठराही उठले असते, आणि ती पुरणपोळी आम्ही आयुष्यभर गिळत बसलो असतो.

मी आत धावले. माय चुलीपाशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी घरात ज्वारीचं पीठ मुद्दाम काढलेलंच नव्हतं. तिनं कोपऱ्यातली दुरडी उघडली. आत आदल्या दिवशीची एक भाकर होती, कडा वाळलेली.

"तुह्या नवऱ्याले एक सांग," ती हळू म्हणाली. "आम्ही काय हौसेनं खातो का व भाकर?"

मग तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि स्वतः पंगतीत गेली. पुरुषांच्या पंगतीत मी तिला त्याआधी कधी जाताना पाहिलं नव्हतं. तिनं ती शिळी भाकर पुरणपोळ्यांच्या शेजारी जावयाच्या ताटात ठेवली आणि खाली बघून मोठेबाबांना म्हणाली, "भाऊजी, लेकरू खरंच भाकर मागून राह्यलं. आपल्या घरचंच हाय ते आता. त्याले काय लाज."

नवऱ्यानं तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. "वा," म्हणाला.

मोठेबाबांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग त्यांनी अंगठी उचलून पुन्हा बोटात घातली, जरा घाईनंच, आणि पोळीला हात घातला. बाकीची माणसं त्यांच्यामागोमाग जेवू लागली. दोन-दोनदा पोळ्या मागून घेतल्या, तूप ओरपलं, आणि ओट्यावर सुपारी कातरत म्हणाली की जावई येडा हाय पण गरीब हाय. महिन्याभरात बहिणीचं लग्न ठरलं. तेवढ्याच कामाचे होते ते सगळे, आणि तेवढं काम त्यांनी केलं.

नवरा बाजेवर आडवा होऊन वहीत लिहीत होता. आयुष्यातलं सर्वांत खरं जेवण, असं काहीतरी त्यानं मला वाचून दाखवलं. मी आत गेले. मायचा निरोप मी त्याला त्या दिवशी सांगितला नाही, नंतरही नाही.

बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायची आमच्याकडे रीत होती. भाकर त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली होती, चारही पोळ्या तशाच होत्या. मायनं ते ताट माझ्यापुढं सरकवलं, बहिणीला कढईतलं खरवडून दिलं आणि माझ्या पोळीवर तूप ओतलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी नवऱ्याला, भाऊबंदांना, सगळ्या गावाला मनात शिव्या घालत चारही पोळ्या खाल्ल्या. माय समोर बसून वारा घालत होती.

ताट पुसल्यावर मला विचारायचं सुचलं. "माय, तू जेवली?"

"जेवलो ना," ती म्हणाली. "भाकर खाल्ली मी."

घरात भाकर एकच होती. मी हात धुवायला उठले.