वाचले असे मानलेले निवेदन

डोळखांबच्या वर आमचा पाडा आहे, तिथे रस्ता नाही. पावसाळ्यात वहिनीला बाळंतपणासाठी चादरीच्या डोलीतून खाली नेताना तिने ओढ्याजवळच जीव सोडला. दिवसकार्य झाल्यावर खासदारांच्या कार्यालयातून निरोप आला की लोकसभेत तिचा आणि रस्त्याचा विषय मांडला जाईल.

विषय येणार होता त्या दिवशी दादा शेतावर गेला नाही. जिथे रेंज मिळते त्या टेकाडावर आम्ही दोघे मोबाइलवर लोकसभेचे कामकाज बघत बसलो. सभागृहात गोंधळ चालू होता. सदस्यांनी निवेदने पटलावर ठेवावीत, ती वाचली असे मानले जाईल, असे अध्यक्षांनी सांगितले आणि कामकाज तहकूब केले.

"झाला आपला विषय?" दादाने विचारले.

"झाला. कागद दिला. वाचला नाय, पन वाचला असं धरतात."

"म्हंजे आपल्या ग्रामसभेसारखंच रे. सह्या केल्या का सभा झाली." तो थोडा हसला. मग म्हणाला, "तिचं कोन बोललाच नाय."

मी मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. "काय बोलले रे दिल्लीत?"

"बोलले गो आये," दादा म्हणाला. "तिचं लय चांगलं बोलले."