चेक परवा पेटीत

अन्याय झाला तो जर्सी सिटीतल्या एका मावशींवर, गेल्या मार्चच्या तीन तारखेला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या दिवशी त्यांनी घरमालकाला मोबाइलवर एक ओळ लिहिली आणि त्या ओळीपायी त्यांचं अकरा वर्षांचं घर गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात' म्हणणारे आपल्यात फार. दुसरी बाजू मी कोर्टात बसून ऐकली आहे. तीही सांगतो.

मावशी एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत पोळ्या लाटायच्या. घरमालक काका नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. स्वतः दुसऱ्या गावात राहतात, इथे त्यांची चार मजली इमारत. रविवारी दोघंही विहारात वंदनेला यायचे, काका माइकवर असायचे. समतेवर बोलतात. चांगलं बोलतात, हीच तर पंचाईत. मी भाडेकरूंच्या संघटनेत पत्रकं लिहितो, म्हणून मावशी माझ्याकडे आल्या.

काकांची पद्धत अशी: जिन्याखाली कुलूप लावलेली लोखंडी पेटी, तिच्यात एक तारखेला चेक टाकायचा. काका सवडीने येऊन पेटी उघडणार, आणि ज्या दिवशी उघडली तीच भाडं मिळाल्याची तारीख. म्हणजे उशीर काकांचा, लेट फी मावशींची. पावती मागितली तर उत्तर, "घरच्या माणसांत पावती कसली, ताई!" मावशी ओशाळायच्या. भाऊ म्हणायचं आणि पावतीही मागायची, हे त्यांना जमेना. त्या फी भरत राहिल्या.

न्यू जर्सीत सतत उशिरा भाडं देणाऱ्याला लेखी ताकीद देता येते. त्यानंतरही उशीर होत राहिला की घर खाली करून मागता येतं. स्टेशनजवळ टॉवर उठले, आजूबाजूची भाडी चढली, आणि काकांना एकदम कायदा आठवला. जानेवारीत ताकीद आली. फेब्रुवारीतही पेटी उशिराच उघडली.

मार्चच्या एक तारखेला मावशींनी चेक पेटीत टाकला. तीन तारखेपर्यंत पेटी कुणी उघडली नव्हती. ताकीद डोक्यात होती, म्हणून पोळपाटाशेजारी उभं राहून, पिठाच्या हाताने, एका बोटाने त्यांनी लिहिलं: 'भाऊ, चेक परवा पेटीत.' घाईत क्रियापद कोण लिहितं? काकांचा लगेच फोन आला. "मी मुलीकडे टेक्सासला आहे ताई. आल्यावर काढतो. तुम्ही निवांत राहा." हे सगळं तोंडी. पेटी उघडली सहा तारखेला, आणि काकांनी घर खाली करून मागायचा दावा लावला.

कोर्टात काकांच्या वकिलाने त्या ओळीचं इंग्रजी ठेवलं: चेक परवा, म्हणजे पाच तारखेला, टाकीन. उशिराची कबुली, तीही भाडेकरूच्या हातची! कोर्टाने फोनवर मराठी दुभाषी बाई घेतल्या होत्या. त्या प्रामाणिक. म्हणाल्या, परवा मागचाही असतो आणि पुढचाही, या ओळीवरून मला ठरवता येणार नाही. मग न्यायाधीशांनी काकांनाच विचारलं, तुम्ही काय समजलात?

अकरा वर्षं ज्या बाईने एकाही महिन्यात चेक एक तारखेच्या पुढे नेला नाही, तिची ओळ. काकांनी टाय सारखा केला आणि म्हणाले, "डे आफ्टर टुमॉरो." आणि तुम्ही फोन केला होतात त्याचं काय, न्यायाधीशांनी पुढे विचारलं. "आय डोन्ट रिकॉल."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील.

"भाऊ, तुमचं मराठी कधीपासून कच्चं झालं हो?"

"ताई, ही वकिलांची कामं. मनाला लावून घेऊ नका."

"मनाचं राहू द्या. सामान कुठे लावू तेवढं सांगा."

काका माझ्यावर घसरले. "तू यांना भरीस घातलंस. घरातली गोष्ट घरातच मिटली असती."

"मिटली असती म्हणजे काय, काका? त्या गुपचूप निघून गेल्या असत्या, असंच ना?"

"रविवारी भेटू," एवढं म्हणून त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. शांतपणे. तो शांतपणा मला अजून गिळवत नाही.

निकाल विरुद्ध गेला. जुलैअखेर मावशींनी घर सोडलं, पोळ्यांचं कामही सुटलं. आता त्या दुसऱ्या राज्यात, नोव्हाय गावात, मुलाच्या अपार्टमेंटमध्ये हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. तिथे स्वतःची खोली बघायला गेल्या, तर अर्जावर प्रश्न होता: कोर्टाने कधी घर खाली करायला लावलं आहे का? त्यांनी खरं ते लिहिलं. अर्ज नामंजूर. दुसरीकडेही तेच. "आता बघत नाही रे," परवाच्या फोनवर म्हणाल्या. "सुनेला काही बोलू नकोस."

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घर घेतलंय आणि एखादं भाड्यानेही दिलंय. नेपरव्हिलला बेसमेंट, जर्सी सिटीत फ्लॅट, तोही 'आपल्याच माणसाला'. तुम्ही त्यातले असाल तर ती आपुलकी तुमच्यापाशी ठेवा. या महिन्याचं भाडं त्याने कोणत्या तारखेला दिलं ते कागदावर लिहा, खाली सही करा आणि तो कागद त्याच्या हातात द्या. आज द्या. आणि भाड्याने राहत असाल, तर आजच मागा. काका रागावले तर खुशाल रागावू देत.