आमच्या तलावाचं सुशोभीकरण

आमचं गाव पर्यटनस्थळ झालं त्याला तीनेक वर्षं झाली. अजून एकही पर्यटक आलेला नाही, पण त्यात गावाची चूक नाही. आम्ही फलक लावला आहे. सावली या तालुक्याच्या गावाहून येताना धानाच्या बांध्यांमध्ये तो हिरवा फलक दिसतो, आणि त्याच्या सावलीत आमच्या म्हशी बसतात.

आमच्या जिल्ह्यात पर्यटन म्हणजे वाघ. वाघ आमच्याकडेही येतो. पण तो सफारीच्या जिप्सीची वाट न पाहता येतो आणि शेळी घेऊन जातो, म्हणून त्याला पर्यटनात धरत नाहीत. मग उरला तलाव.

तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदारांच्या काळातला. पावसाचं पाणी साठवायचं आणि पाऊस दगा देईल तेव्हा धानाला सोडायचं, एवढंच त्याचं काम. पाणी सोडायच्या जागेला आम्ही तुडुम म्हणतो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या पोटात दगडी बांधकाम, त्याला खालीवर भोकं आणि भोकांना लाकडी बुचं. ती बुचं काढायचं काम गावाने माझ्या बाबांना दिलं होतं. कोणाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, कधी आणि किती वेळ पाणी, ते सगळं त्यांच्या डोक्यात. रिवाज असा की सगळ्यात लांबच्या बांधीला आधी पाणी आणि सोडणाऱ्याच्या बांधीला शेवटी. आमची बांधी तलावाला अगदी लागून, तरी तिचा नंबर शेवटचा. आई यावरून जन्मभर बोलत आली आहे.

पर्यटनस्थळांच्या विकासासाठी राज्य शासनाचा निधी मिळतो, ही बातमी सरपंचांनी तालुक्याहून आणली. प्रस्ताव लिहायला मी. मी गावातल्याच शाळेत शिक्षिका, आणि माझं मराठी चांगलं आहे असा गावाचा समज. माझाही होता.

‘स्थळाचे ऐतिहासिक महत्त्व’ या रकान्यात मी एक राणी आणली. ती इथे स्नानाला येत असे. कोणती राणी, हे मी लिहिलं नाही आणि वरच्या साहेबांनीही विचारलं नाही. पुढचा रकाना होता ‘सद्यस्थितीतील त्रुटी’. सरपंच म्हणाले, “मॅडम, काई तरी खराब लिवा. सगळं चांगलं असल तं पैसा कायले देईल सरकार?” तलावात खराब काही नव्हतं. मग मी खूप विचार करून एक वाक्य बसवलं: ‘दरवर्षी पावसाळ्यानंतर तलावातील पाणी निघून जाते व स्थळाचे नैसर्गिक सौंदर्य नष्ट होते.’

संध्याकाळी मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. म्हणाले, “बराबर हाये. पाणी तं जातेच.” आम्हा दोघांनाही त्यात तक्रार दिसली नाही. त्यांना ते आपल्या कामाचं वर्णन वाटलं आणि मला साहित्य.

निधी मंजूर झाला. काम उन्हाळ्यात सुरू झालं, तलाव कोरडा आणि सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला पहाटेपासून जंगलात. बाबासुद्धा. मला सुट्टी होती, म्हणून कामाचे फोटो काढून वर पाठवायची जबाबदारी माझ्याकडे आली. पाळीवर पेव्हर ब्लॉक बसले, रेलिंग आलं, ‘माझा तलाव’ अशी पुरुषभर उंचीची अक्षरं उभी राहिली. बदकाच्या आकाराच्या दोन होड्या आल्या आणि चिखल वाळलेल्या तळाशी मोठ्या आशेने बसल्या. एका सकाळी कंत्राटदाराच्या माणसांनी तुडुमात काँक्रीट ओतलं आणि वर निसर्ग पाहायला ओटा बांधला. मी तिथेच उभी होते. ओट्याचा पाया असेल असं वाटलं, म्हणून फोटो काढला. छान आला होता.

दुपारी बाबा जंगलातून परतले आणि ओट्याभोवती फिरत राहिले. “तुडुम कुठी गेला?” कंत्राटदाराने सांगितलं, पलीकडे नवा लोखंडी दरवाजा बसणार आहे. गावाने विश्वास ठेवला. कंत्राटदार फटफटीवरून गेला तो गेलाच.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि पोळ्यानंतर थांबला. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं आणि बांध्यांना भेगा पडल्या. पाळीच्या अलीकडे काठोकाठ पाणी, त्यावर दोन बदकं डुलताहेत, पलीकडे धान पिवळं पडतंय. या दृश्याला खरोखर पर्यटकांची गर्दी व्हायला हवी होती. सरपंचांनी साहेबांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. साहेब गोड बोलले. उद्घाटन व्हायचं आहे, होड्यांना पाणी लागेल, आणि गळतीची त्रुटी तर दूर झालेली आहे. “तुमच्याच प्रस्तावात आहे, मॅडम,” असं म्हणून त्यांनी माझं वाक्य मला वाचून दाखवलं. एकही शब्द न चुकता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सब्बल, लोखंडी पहार, उचलली. सोबत तिघेचौघे घण घेऊन. मी सरकारी नोकर, म्हणून शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होते. घणाचे आवाज मुलं मोजत होती. दुपारपर्यंत ओटा फुटला, मग तुडुमातलं काँक्रीट, आणि संध्याकाळी पहिलं बुच निघालं. पाणी आधी लांबच्या बांध्यांना गेलं. आमच्या बांधीचा नंबर चौथ्या दिवशी लागला, तोवर आमचं अर्धं धान पोचट झालं होतं. बाबांनी नंबर बदलला नाही, आणि आईही त्या वेळी काही बोलली नाही.

मग वरून पत्र आलं. शासकीय मालमत्तेची तोडफोड कोणी केली, अहवाल पाठवा. अहवाल लिहायला अर्थातच मी. मी लिहिलं: ‘अज्ञात इसमांनी सदर ओट्याचे नुकसान केले.’ या वेळी एकेक शब्द तपासून पाहिला होता. बापाला वाचवलं म्हणून स्वतःवर खूशही होते.

बाबांनी वाचायला लावलं. ऐकून विचारलं, “अज्ञात म्हंजे कोण वो?”

“ज्याचं नाव कोणाला माहीत नाही तो.”

त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, “चाळीस वर्सं पाणी सोडलो या गावाले. एका कागदावर माह्यं नाव नाई. तुह्या त्या पहिल्या कागदावर राणी होती, मी नव्हतो.”

मी कागद परत घेतला. म्हटलं, “बाबा, नाव लिहिलं तर केस होईल.”

“होऊ दे ना,” बाबा म्हणाले. “लिव.”